दोन हजाराच्या आतली ऑस्ट्रेलियन वाईन: चाखायची कशी आणि मार्क द्यायचे कसे

सगळ्यात आधी बाटली फ्रीजमध्ये टाका. व्हाईट असो की रेड. हो, रेड पण. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची असं जे सगळीकडे वाचायला मिळतं ते थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं आहे, त्यांची खोली १६-१८ डिग्रीची आणि आपली खोली एप्रिल-मे मध्ये कूलर लावून पण ३२ च्या खाली येत नाही, परभणी नांदेडकडं तर विचारूच नका. एवढ्या गरम रेडमधून आधी अल्कोहोलच नाकात घुसतं, फळाचा वास मागे राहतो, चव चिकट आणि जड लागते, आणि मग माणूस म्हणतो ही ऑस्ट्रेलियन वाईन म्हणजे लै स्ट्राँग आणि बेकार. त्यात त्या बाटलीचा काय दोष.

तर हिशोब असा. घरातली गरम रेड दीड-दोन तास फ्रीजमध्ये, म्हणजे ती १६ ते १८ च्या आसपास येते. व्हाईट उलट. ती फ्रीजमध्ये चार-पाच तास पूर्ण गार करायची आणि प्यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढायची, कारण फ्रीज असतो ४-५ डिग्रीचा आणि तेवढ्या थंडीत वासच येत नाही, व्हाईट ८ ते १० ला बोलायला लागते. (हलकी व्हाईट पिताना मात्र उन्हाळ्यात थोडी जास्तच गार घ्या, ग्लासमध्ये पाच मिनिटांत ती गरम होणारच आहे.) लाईट गेलेली असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. पाणी पाहिजेच, नुसत्या बर्फात बाटली टेकते कमी आणि गार व्हायला वेळ लागतो. आणि ग्लासमध्ये बर्फ टाकू नका. प्यायला टाकली तर तुमची मर्जी, पण चाखताना नाही, पाणी मिसळलेल्या वाईनला मार्क कसे देणार.

आता खरेदी. आपल्याकडं इंपोर्टेड बाटल्या मिळायची ठिकाणं मोजकी, संभाजीनगरात बऱ्यापैकी चॉईस आहे, लातूर-नांदेडच्या मोठ्या दुकानांत दोन-चार प्रकार सापडतात, तालुक्याच्या गावी कुणी ठेवत नाही कारण खपत नाही. आणि खपत नाही म्हणूनच बघून घ्यावं लागतं. व्हिस्की दहा वर्षं फळीवर राहिली तरी तिला काही होत नाही, वाईन मात्र उन्हाने मरते. दर्शनी काचेत मांडलेली, दुपारचं ऊन लागणारी, वर ट्यूबलाईट तापणारी बाटली घेऊच नका, सरळ विचारा, "शेठ, हीच आतल्या फ्रीजमधली किंवा बॉक्समधली आहे का?" बहुतेक वेळा असते. बाटली हातात घेऊन बघा, कॉर्क असेल तर ते वर सरकलेलं आहे का, गळ्याला चिकट ओघळ आहे का, आतली पातळी बाकीच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का. यातलं एक जरी दिसलं तरी ती कुठंतरी कंटेनरमध्ये नाहीतर गोडाऊनमध्ये शिजलेली आहे. घेतल्यावर डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नका.

फिरकीच्या झाकणाची बाटली मिळाली तर तीच घ्या. आपल्याकडं अजून लोकांना वाटतं की फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, क्वार्टरसारखं. ऑस्ट्रेलियात उलटंय, तिथं क्लेअर व्हॅलीच्या रीझलिंग (व्हाईटची एक द्राक्षजात) बनवणाऱ्यांनी २००० सालच्या पिकापासून एकत्र येऊन कॉर्क सोडलं, कारण कॉर्कमधून येणाऱ्या बुरशीच्या वासाने त्यांच्या चांगल्या वाईन खराब व्हायच्या, आणि आज तिकडच्या महागड्या बाटल्यांना पण फिरकीच असते. आपल्या उन्हाळ्यात तर कॉर्क सुकतं, फुगतं, गळतं, त्यामुळं फिरकी म्हणजे आपल्यासाठी इन्शुरन्स समजा.

वर्ष बघा. स्वस्त व्हाईट ही ठेवून मुरवायची चीज नाही, दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या, रेड चार-पाच वर्षांपर्यंत चालते. एक बारीक गोष्ट, दक्षिण गोलार्ध असल्यामुळं त्यांची द्राक्षतोड फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणजे साधारण आपल्या जालन्याकडच्या कडवंचीच्या बागांच्याच टायमाला, आणि युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळं एकाच वर्षाचा आकडा असला तरी ऑस्ट्रेलियन बाटली फ्रेंच बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते.

लेबलवर मोठ्या अक्षरात ब्रँड, तो सोडा. बारीक अक्षरातलं गाव वाचा. स्वस्त बाटलीवर बहुतेक "साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया" लिहिलेलं असतं. हे ऐकायला एखादा खास भाग वाटतो पण त्यात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया पूर्ण आणि क्वीन्सलँड व साउथ ऑस्ट्रेलियाचे मोठे तुकडे येतात, म्हणजे कुठून कुठून द्राक्ष आणून मिसळलेलं असू शकतं. हे वाईट नाही हं. मिसळल्यामुळंच दरवर्षी चव सारखी ठेवता येते आणि किंमत खाली राहते. फक्त त्यात एखाद्या मातीची खास चव शोधत बसू नका. आणि बरोसा, मॅक्लारेन व्हेल, कूनावारा, क्लेअर, मार्गारेट रिव्हर असं एकच नाव असेल तर त्यातली किमान ८५ टक्के द्राक्षं तिथली असलीच पाहिजेत असा त्यांचा नियम आहे, द्राक्षाच्या जातीला आणि वर्षाला पण तोच ८५ चा आकडा. म्हणून त्याच पैशात एका बाजूला साउथ ईस्टर्न आणि दुसऱ्या बाजूला एका गावाचं नाव असेल तर मी गावाकडं झुकतो.

हा स्वस्त माल पिकतो कुठं, तर जास्त करून रिव्हरीना, रिव्हरलँड आणि मरी-डार्लिंग या तीन भागांत. यातल्या रिव्हरीनाची गोष्ट आपल्या माणसाला पटकन कळेल. ग्रिफिथ गावाच्या आजूबाजूचा सपाट कोरडा मुलूख, वर्षाला पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दुष्काळी बीडला पण त्यापेक्षा जास्त पडतो, आणि १९१२ पासून मरमबिजी नदीचं कॅनॉलचं पाणी. ऊन भरपूर, पाणी मोजून, रोग कमी, एकरी माल जास्त, तोडणी मशीनने. याच भागात येंडा गावी सिसिलीहून १९५७ ला आलेल्या कसेला कुटुंबाची वायनरी आहे आणि त्यांनीच २००१ मध्ये यलो टेल काढली, तीच ती पिवळ्या पायाच्या वॉलाबीची (छोट्या कांगारूसारखा प्राणी) बाटली. त्यांनी मुद्दाम तुरटपणा आणि आंबटपणा कमी ठेवला, थोडी गोडसर ठेवली, म्हणजे बिअर आणि कोल्ड्रिंक पिणाऱ्याला पण पहिल्या घोटात आवडावी. अमेरिकेत धो धो खपली. चाखताना हे डोक्यात ठेवा, कारण पहिल्या घोटात आवडणं आणि तिसऱ्या ग्लासपर्यंत आवडणं यात फरक असतो, गोडसर वाईन एकटी चाखली की भारी वाटते आणि दुसरीच्या शेजारी ठेवली की सपाट वाटायला लागते.

जेकब्स क्रीक आपल्याकडं सगळ्यात सहज मिळणारी. बरोसा व्हॅलीत त्या नावाचा खराच एक ओढा आहे, त्याच्या काठावर योहान ग्राम्पने १८४७ मध्ये वेली लावल्या आणि या नावाची पहिली वाईन बाजारात आली १९७६ ला. पण म्हणून आज बाटलीत बरोसाचीच द्राक्षं असतील असं नाही, परत तेच, बारीक अक्षर वाचा. "ओल्ड वाईन्स", "रिझर्व्ह" असले शब्द बघून पण जास्तीचे पैसे टाकू नका. बरोसात खरंच १८४३ ला लावलेल्या शिराझच्या (रेडची एक द्राक्षजात) वेली अजून उभ्या आहेत, कारण वेलीची मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड साउथ ऑस्ट्रेलियात पोचलीच नाही, पण त्या वेलींचा माल आपल्या बजेटच्या बाटलीत कुणी ओतत नाही.

किंमतीचं थोडं समजून घ्या, कारण सगळं मूल्यमापन शेवटी त्यावरच येतं. तिकडं १० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास मिळणारी रोजची बाटली इथं येईपर्यंत कस्टम ड्युटी, राज्याची एक्साईज, व्हॅट, इंपोर्टर आणि दुकानदार असं सगळं अंगावर घेऊन येते. २९ डिसेंबर २०२२ पासून भारत-ऑस्ट्रेलिया करार लागू झाला त्यात ५ अमेरिकन डॉलरच्या वर आयात किंमत असलेल्या बाटलीची ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० वर आली आणि दहा वर्षांत ती ५० वर उतरणार, १५ डॉलरच्या वरच्यांना ७५ वरून २५ पर्यंत. आणि ५ डॉलरच्या खालच्यांना काहीच सवलत नाही. म्हणजे अगदी तळातल्या बाटलीला इथं जास्त मार पडतो आणि तिच्या थोडी वरची त्यामानाने परवडायला लागलीय. थोडक्यात तिकडची स्वस्त ती इथली स्वस्त नाही. त्यामुळं "ऑस्ट्रेलियात ही रोजची वाईन आहे" याला आपल्यासाठी अर्थ नाही, आपला प्रश्न एवढाच की तेवढ्याच रुपयांत नाशिकची बाटली मिळते तिच्यापेक्षा ही बरी आहे का. आणि याचं उत्तर बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून माझा पहिला नियम, एकटी बाटली चाखू नका. चार जण काँट्री काढा, दोन बाटल्या घ्या, एकाच जातीच्या. ऑस्ट्रेलियन शिराझ आणि नाशिकची शिराझ, किंवा साउथ ईस्टर्नची शिराझ आणि बरोसाची शिराझ. रेड शिराझ आणि व्हाईट शार्डोने शेजारी ठेवून काही कळत नाही. घरातल्या कुणालातरी, जो पिणार नाही त्याला, बाटल्या पेपरात गुंडाळून १-२ नंबर टाकायला सांगा आणि झाकणं पण त्यालाच काढायला सांगा, नाहीतर फिरकी बघून लगेच कळतं. आणखी कडक परीक्षा घ्यायची असेल तर तीन ग्लास, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास ओळखा. ब्रँडवर भाषण देणारे लोक इथं गप्प होतेत. मजा येते.

टाईम जेवणाच्या आधीचा ठेवा. स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल, देवघरात उदबत्ती असेल, अंगाला ओडोमॉस किंवा सेंट लावला असेल तर वास गेला. पान, गुटखा, बडीशेप, च्युईंगम तासभर आधी बंद, संभाजीनगरच्या तारा पान सेंटरचं पान खाऊन आलेल्या माणसाला पॅनलवर घेऊ नका. मध्ये मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि कोरडी पोळी किंवा बिनमिठाचे मुरमुरे. फरसाण नाही, शेंगदाणे पण नाही, मीठ आणि तेलामुळं तुरट वाईन उगाच मऊ वाटते आणि तिला फुकटचे मार्क जातात. (दुकानवाले म्हणूनच चीज देतेत चाखायला.)

ग्लास वर निमुळता होणारा पाहिजे, महाग नको, पण सगळ्यांना सारखाच. स्टीलचा नको, रंग दिसत नाही. पाव ग्लासच ओता, ५० मिली पुरे. आणि थुंकायला एक मग ठेवा. हे आपल्या लोकांना जमत नाही, पैसे देऊन घेतलेली थुंकायची काय म्हणतेत, पण १४ टक्क्यांची एक बाटली म्हणजे ऑस्ट्रेलियन लेबलच्या हिशोबाने ८ च्या वर स्टँडर्ड ड्रिंक होतात, एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, आणि दोन-तीन वाईन गिळल्या की चौथी सगळ्यांना आवडतेच. आधी थुंकून मार्क लिहा, मग पेपर काढा, मग आवडलेली जेवताना आरामात प्या. गाडी घेऊन आलेल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत थुंकायचंच, किंवा मग रिक्षा.

आता मार्कांची पद्धत. ऑस्ट्रेलियात दर मोठ्या शहराच्या शेती प्रदर्शनात वाईनच्या स्पर्धा होतात आणि तिथं वर्षानुवर्षं २० मार्कांची पद्धत चालायची, ३ रंगाला, ७ वासाला, १० चवीला. १५.५ ला ब्राँझ, १७ ला सिल्व्हर, १८.५ ला गोल्ड. आता बऱ्याच ठिकाणी १०० ची आलीय पण घरी हीच सोपी. आणि यातून दुसरी गोष्ट कळते, लेबलवर ब्राँझचा चकचकीत गोल चिकटवलेला असला तर त्याचा अर्थ एवढाच की वाईन स्वच्छ आणि ठीकठाक होती. पदक कुठल्या वर्षीच्या वाईनला मिळालंय ते पण बघा.

रंगाचे ३ मार्क लवकर उरकतात. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. नवीन शिराझची कड जांभळी दिसते, वय झालं की विटकरी. व्हाईट फिकट लिंबासारखी असावी, दोन वर्षांचीच असून पितळी पिवळी झाली असेल तर हवा किंवा ऊन लागलंय. ग्लासच्या आतून ओघळणारे थेंब बघून लोक "वा, काय क्वालिटी" म्हणतात, ते थेंब मुख्यतः अल्कोहोलचे, क्वालिटीशी त्यांचा संबंध नाही. तळाला किंवा कॉर्कला साखरेसारखे खडे दिसले तर घाबरून परत करू नका, ते टार्ट्रेटचे, द्राक्षातल्याच आम्लाचे खडे, गार केल्यावर बसतात आणि काही अपाय करत नाहीत.

वासाला वेळ द्या. आधी ग्लास न हलवता एकदा, मग गोल फिरवून परत. पुस्तकात लिहिलेली ब्लॅककरंट, गूजबेरी आपण कधी खाल्लेली नाही, त्यांच्या मागं लागू नका, आपल्याला येतात ती नावं लिहा. स्वस्त शिराझमध्ये जांभूळ, पिकलं करवंद, तुती, कधी मनुका, आणि काळी मिरी. ही मिरी कल्पनेतली नाही, ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये दाखवून दिलं की शिराझमध्ये रोटंडोन नावाचा पदार्थ असतो आणि तोच मिरीत असतो. गंमत अशी की साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. तेव्हा तुम्हाला मिरी आली आणि शेजाऱ्याला नाही तर भांडू नका, दोघंही खरे. कॅबर्ने या रेडच्या दुसऱ्या जातीमध्ये गडद फळ, पुदिना आणि चक्क निलगिरी, ती पण खरीच, बागेशेजारच्या निलगिरीच्या झाडांचं तेल द्राक्षावर बसतं. कूनावाराच्या लाल मातीतल्या कॅबर्नेत पुदिना जास्त सापडतो. मर्लो यांच्या मानाने मऊ आणि स्वस्तात बऱ्याचदा बेचव, मी ती शेवटी ठेवतो.

व्हाईटमध्ये शार्डोने सगळीकडं मिळते. ओक (ज्या लाकडाच्या पिंपात वाईन मुरवतात ते) न लागलेली असेल तर सफरचंद, खरबूज, पीच, ओकवाली असेल तर व्हॅनिला, भाजलेला टोस्ट, लोणी. इथं नीट नाक लावा. या किमतीत खरं ओकचं पिंप परवडत नाही, टाकीत ओकच्या चिप्स किंवा फळ्या सोडतात, तिकडं ते कायद्याने चालतं आणि मला त्यात चुकीचं काही वाटत नाही, पण फळ कमी आणि व्हॅनिला इसेन्ससारखा वास जास्त असेल तर सात पैकी दोन मार्क कापा. सोव्हिन्यॉं ब्लांमध्ये पेरू, कैरी, कापलेलं गवत, हिरवी मिरची. रीझलिंगमध्ये लिंबू आणि मोसंबीची साल, आणि जुनी होत गेली की घासलेटचा वास, जो रीझलिंगमध्ये गुण समजतात, थोडाच असेल तर. बाकी कुठल्या वाईनला घासलेट आलं तर गडबड आहे.

गडबडीचे वास पाठ करून ठेवा, चांगले वास ओळखण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं. ओला पुठ्ठा, बंद पडलेल्या खोलीचा कुबट वास म्हणजे कॉर्कची बुरशी, पिण्याने अपाय नाही पण वाईन गेली, शून्य. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे आंबलेली. कापून ठेवलेलं तपकिरी सफरचंद म्हणजे हवा लागलेली. जॅमसारखं, शिजवलेल्या फळासारखं आणि ताजेपणा अजिबात नाही म्हणजे उन्हात तापलेली, आणि मराठवाड्यात हा दोष बाकी सगळ्या दोषांपेक्षा जास्त सापडतो, त्यामुळं एकच बाटली वाईट लागली म्हणून अख्ख्या ब्रँडवर काट मारू नका, दुसऱ्या दुकानातून एकदा घेऊन बघा. आणि फिरकी उघडल्या उघडल्या ओढलेली काडी किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर दहा मिनिटं थांबा, ग्लास जोरात फिरवा, बऱ्याचदा उडून जातो.

चवीचे १० मार्क, इथं खरा निकाल. मोठा घोट घ्या, लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा, आवाज झाला तर होऊ द्या. गोडी पहिल्यांदा कळते. आंबटपणा कळतो जबड्याखाली, किती लाळ सुटते त्यावरून. तुरटपणा हिरड्यांवर, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसं ओढतं तसं, हा रेडमध्येच जास्त, कारण तो सालीतून येतो. अल्कोहोलची ऊब घशात, आणि ती ऊब जळजळ झाली तर मार्क कापा. बॉडी म्हणजे जाडी, पातळ ताक आणि दाट ताक तोंडात जसं वेगळं वाटतं तेवढंच, दाट म्हणजे चांगलं असं काही नाही.

यात सगळ्यात जास्त बघायचं काय, तर गोडी, आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल या चारांपैकी एकच वर डोकं काढतंय का. गरम भागातल्या द्राक्षात साखर जास्त आणि आम्ल कमी असतं, म्हणून ऑस्ट्रेलियात वाईनमध्ये टार्टरिक ॲसिड घालायला परवानगी आहे (अल्कोहोल वाढवायला साखर घालायला मात्र नाही, फ्रान्सच्या थंड भागात ती चालते). नीट घातलेलं ॲसिड कळत नाही. घाईत घातलेलं असेल तर गोड फळ एकीकडं आणि आंबट धार एकीकडं, दोन वेगळ्या वस्तू तोंडात असल्यासारख्या लागतात. स्वस्त ऑस्ट्रेलियन रेडमध्ये मी पहिल्यांदा हेच शोधतो. मग थुंका आणि मनात आकडे मोजा. पाच-सहापर्यंत चव टिकली की या किमतीला बरी, दहापर्यंत फळ राहिलं तर मार्क लिहून झाल्यावर पेपर फाडून नाव बघा आणि दोन बाटल्या अजून घेऊन ठेवा. फळ लगेच गेलं आणि मागं नुसती गोडी किंवा कडवटपणा राहिला तर ती पार्टीची वाईन, चाखायची नाही.

बेरीज करताना मन मोठं ठेवा. या किमतीत १८ ची अपेक्षा करू नका. १५ म्हणजे पैसे वसूल, १६ म्हणजे एक नंबर, १४ च्या खाली परत घ्यायची नाही. आणि मार्क पेपर काढायच्या आधी लिहून सगळ्यांनी एकदम दाखवायचे, नाहीतर जो पहिला बोलतो, बहुतेक घरातला थोरला किंवा काँट्री जास्त दिलेला, त्याच्या मागं सगळे जातात.

मग जेवण. ठेचा असेल तर रेडला विसरा, तुरटपणा आणि अल्कोहोल मिळून तिखट दुप्पट भडकतं, चांगल्या वाईनची पण माती होते. येसर आमटी-भाकरी किंवा काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर गार, थोडी गोडसर व्हाईट घ्या. मोस्काटो मिळाली तर ती पण चालते, अल्कोहोल कमी, गोडी जास्त, वाईनवाले नाक मुरडतात, मुरडू द्या. धपाटे-दह्याबरोबर सेमियॉं-सोव्हिन्यॉं (दोन व्हाईट जातींची मिसळ), जायकवाडीच्या तळलेल्या माशाबरोबर पण तीच. शिराझला खरी जागा मिळते ती आपल्या नान-खलियाबरोबर, मटणाचा मऊपणा आणि चरबी तिचा तुरटपणा खाऊन टाकते आणि गरम मसाल्याला तिची मिरी बरोबर बसते. तिखट बेताचं ठेवायला सांगा म्हणजे झालं.

कुणाचा भाचा, पुतण्या मेलबर्न-सिडनीहून येत असेल तर त्याला जेकब्स क्रीक आणायला सांगू नका, ती इथं मिळते. येणाऱ्याला २ लिटरपर्यंत ड्युटी न भरता आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. त्यात एक क्लेअर किंवा ईडन व्हॅलीची कोरडी रीझलिंग आणि एक हंटर व्हॅलीची सेमियॉं सांगा. ही सेमियॉं जेमतेम १०-११ टक्क्यांची असते, नवीन असताना नुसतं लिंबूपाणी वाटते आणि फ्रीजमध्ये काही वर्षं विसरलात तर ओक न लागता पण टोस्ट आणि मधाचा वास धरते. तिकडं क्लीनस्किन नावाच्या बाटल्या पण मिळतात, ब्रँड नाही, कायद्याला लागते तेवढीच माहिती, वायनरीचा उरलेला माल स्वस्तात. लॉटरीच आहे ती, पण वर सांगितलेली पद्धत येत असेल तर लॉटरी खेळायला हरकत नाही, भाच्याला म्हणावं आधी एक उघडून बघ, चांगली निघाली तरच मामासाठी घे. खोक्यातली वाईन मात्र आणायला लावू नका. खोक्यातली ती पिशवी साउथ ऑस्ट्रेलियाच्या थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये काढली, उघडल्यावर महिनाभर टिकते, तिकडच्या घरात सोयीची आहे, पण बॅगेत फुटली तर सगळे कपडे शिराझच्या रंगाचे.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून उभी फ्रीजमध्ये, रेड पण. अर्ध्याच्या खाली गेली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, हवा कमी राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत चाखा आणि परत मार्क लिहा, हा भाग कुणी करत नाही पण करा. नीट बनवलेली वाईन दुसऱ्या दिवशी तेवढीच राहते, कधी उलट मोकळी होऊन अर्धा मार्क जास्त घेते, आणि जी पहिल्या दिवशी नुसत्या व्हॅनिला आणि गोडीवर भाव खाऊन गेलेली असते ती पार बसते. दोन्ही दिवसांचे मार्क शेजारी लिहून पुढच्या वेळी दुकानात तो कागद घेऊन जा. तिसऱ्या दिवसानंतर उरलेली रेड मटण मुरवायला वापरा, व्हाईट लसूण घालून मश्रूममध्ये.